'बरं' म्हणजे होकार नव्हे

दार आतून उघडत नाही, हे तिला दार बंद झाल्यावर आठवलं.

मनोरुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरचा बायकांचा वॉर्ड. ती एका अशिलाला भेटायला आली होती, भेट झाली होती, आणि आता बाहेर पडायचं तर दाराला आतल्या बाजूने कडीच नाही! काळा कोट पावसात भिजला म्हणून खाली पहारेकऱ्याच्या खुर्चीवर वाळत टाकलेला, ओळखपत्र त्या कोटाच्या खिशात, आणि किल्लीवाली सिस्टर कुठे गुल झाली होती कोण जाणे. तिने दार ठोठावलं. मग जरा जोरात ठोठावलं. मग दोन्ही हातांनी बडवलं.

दार उघडलं. समोर पांढऱ्या कोटातला एक उंच, सडपातळ आणि नको इतका शांत माणूस उभा होता.

"काय झालं?" त्याने इतक्या मऊ आवाजात विचारलं की तिचा पारा तिथेच चढला.

"मला बाहेर जायचंय."

"हो, जाऊ ना. जरा बसा."

"बसायचं नाहीये मला! मी वकील आहे."

"अच्छा… वकील," त्याने समजूतदारपणे मान डोलावली. "कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? सनद मिळाल्यापासून!"

"बरोबर आहे. पाणी घेता थोडं?"

"अहो, मी वेडी नाहीये!" ती ओरडली, आणि तिने लगेच जीभ चावली. हा शब्द दुसऱ्या कोणी तिच्यासमोर उच्चारला असता तर तिने त्याची चांगलीच शाळा घेतली असती. आणि वाईट म्हणजे, इथला प्रत्येक जण नेमकं हेच सांगत असतो. जितक्या जोरात सांगावं तितकं ते खोटं वाटतं. चिडलं तर आजारी, गप्प बसलं तर जास्तच आजारी! ज्यांच्या बाजूने ती दर मंगळवारी तावातावाने भांडायची त्यांच्या जिवाचं काय होत असेल, ते तिला आज पहिल्यांदा नीट कळलं. कळून काही राग उतरला नाही, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात सिस्टर किल्ल्या वाजवत आली. "अगंबाई, मॅडम! तुम्ही अजून इथेच? डॉक्टर, या आपल्या वकील मॅडम."

डॉक्टरांचे कान लालबुंद झाले. "माफ करा हं… आज माझा इथला पहिला दिवस आहे."

"दिसतंय," ती म्हणाली आणि तरातरा जिना उतरली. खाली आल्यावर ओलाच कोट अंगात घालताना तिच्या मनात आलं, की त्या माणसाचे डोळे मात्र फार छान आहेत. या विचाराने ती आणखीच चिडली.

तिचं काम असं होतं. कोणाला इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवायचं असेल तर ते डॉक्टर किंवा नातेवाईक परस्पर ठरवू शकत नाहीत, त्यासाठी नेमलेल्या मंडळापुढे सुनावणी व्हावी लागते. रुग्णालयाच्याच एका खोलीत, मोडक्या कपाटांच्या आणि जुन्या गाद्यांच्या शेजारी हे मंडळ दर मंगळवारी बसायचं. एका बाजूला डॉक्टर सांगणार, यांना ठेवायला हवं. दुसऱ्या बाजूला रुग्णाच्या वतीने ती सांगणार, यांना घरी जायचंय. वॉर्डातल्या बायका तिला 'सोडवणाऱ्या मॅडम' म्हणत. घरी आई म्हणायची, "अगं, त्यांना सोडवतेस ते सोडव, पण मला या काळजीतून कधी सोडवणार?" काळजी म्हणजे अर्थातच लग्नाची. त्यावर ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

आणि आता दर मंगळवारी समोर साक्षीला हा. वॉर्डाने त्याचंही नाव ठेवलं होतं— 'जरा बसा डॉक्टर'.

हा माणूस खोटं बोलत नाही, हे तिच्या लवकरच लक्षात आलं, आणि तीच तर खरी डोकेदुखी होती. खोटं बोलणाऱ्याला उलटतपासणीत गुंडाळता येतं. हा मात्र तिने चांगला प्रश्न विचारला की "हो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं" असं सरळ कबूल करायचा, आणि मग त्याच मऊ आवाजात पुढचं वाक्य असं टाकायचा की तिचा मुद्दा पार आडवा व्हायचा. सुनावणी संपली की तिची फाईल उचलून द्यायचा. पाऊस असला की छत्री पुढे करायचा.

"मी साक्षीदारांशी बोलत नाही," तिने एकदा त्याला बजावलं.

"मी कुठे बोलतोय? छत्री धरलीय फक्त."

"छत्रीसुद्धा नको."

"भिजाल."

"भिजेन! माझा हक्क आहे तो."

"मान्य," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच छत्री मिटली. मग दोघंही फाटकापर्यंत भिजत गेले, ती पुढे आणि तो अदबीने चार पावलं मागे. तिला इतका संताप आला होता… आणि इतकं हसूही, की मागे वळून बघायची तिची हिंमतच झाली नाही.

असं सगळं चाललेलं असताना गणिताच्या बाईंची केस आली.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. गेल्या महिन्यात त्यांची झोप उडाली, ती पार उडालीच. एका सकाळी त्यांनी घरातलं सगळं सामान रस्त्यावर आणून त्याचे वर्गासारखे बाक मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाढे म्हणायला लावले. बस अडली, तर बसच्या ड्रायव्हरलाही खाली उतरवून एकोणतीसचा पाढा विचारला. त्याला तो आला नाही. बाईंनी त्याला जाऊ दिलं नाही. शेवटी त्यांच्या भाच्याने त्यांना इथे आणलं.

आता बाईंना झोप लागत होती, त्या जेवत होत्या, वर्तमानपत्र वाचत होत्या. पण डॉक्टरांच्या अहवालात होतं, की अजून तीन महिने ठेवावं, आणि राहण्यास रुग्णाची संमती आहे. तीन महिने म्हणजे मागचा वॉर्ड. मागच्या वॉर्डात गेलेल्याला भेटायला नातेवाईक आधी दर आठवड्याला येतात, मग सणासुदीला, आणि मग येतच नाहीत. घरी घेऊन जाणारं कोणी उरलं नाही की माणूस तिथेच राहतो. तिने अशी माणसं पाहिली होती. बाईंना तिथे जाऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

अडचण एकच होती. बाई कशालाही "बरं" म्हणत.

"बाई, मी तुम्हाला इथून सोडवणार आहे."

"बरं."

"मंगळवारी मंडळापुढे तुम्ही सांगायचं, की मला घरी जायचंय."

"बरं."

"सांगाल ना नक्की? कारण डॉक्टर म्हणतात, तुम्ही राहायला तयार आहात."

"बरं," म्हणून बाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. वॉर्डाबाहेर आली तर जिन्यात डॉक्टर उभा. तिच्या काखेत फायली, एका हातात मोबाईल, त्यावर भाच्याचा फोन चालू ("मॅडम, मावशीला घरी आणाल हो, पण परत असं झालं तर मी एकटा कुठे कुठे पुरणार?"), आणि हा मध्ये वाट अडवून उभा.

"मॅडम, एक विचारू? आज संध्याकाळी… कँटीनमध्ये… चहा घ्याल? केसबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"बरं बरं," ती म्हणाली, म्हणजे 'बाजूला व्हा', आणि फोनवर बोलत खाली उतरली. तो काय म्हणाला हे तिच्या कानांनी ऐकलं होतं, डोक्यापर्यंत काही पोचलं नव्हतं.

मंगळवार उजाडला. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना ऐकू नीट यायचं, पण कंटाळा आला की येत नसे. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या, शेजारी भाचा, जागरणाने डोळे सुजलेला. डॉक्टरने शपथ घेतली. ती उभी राहिली.

"डॉक्टर, अहवालात तुम्ही म्हणता, राहण्यास रुग्णाची संमती आहे. ही संमती कोणत्या शब्दांत मिळाली?"

"शब्द एकच होता. 'बरं'."

"आणि 'बरं' म्हणजे होकार?"

"साधारणपणे, हो."

"साधारणपणे! आई म्हणते लवकर ये, आपण म्हणतो 'बरं', आणि उशिराच जातो. शेजारी तासभर पिडतो, आपण म्हणतो 'बरं बरं', म्हणजे आता पुरे. तो होकार असतो?"

"तो… सूर वेगळा असतो मॅडम."

"बाईंचा सूर तुम्ही तपासलात?"

तो विचारात पडला. तिला चेव आला. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे वकिलीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. पण राग आला की तिला पहिलं वर्ष आठवत नसे.

"सरळ सांगा डॉक्टर. कोणी तुम्हाला 'बरं' म्हणालं आणि तो होकार नव्हता, असं तुमच्या आयुष्यात कधी झालंय? शपथेवर आहात."

त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"झालंय," तो म्हणाला. "गेल्याच गुरुवारी. मी एका व्यक्तीला चहाला बोलावलं. ती 'बरं बरं' म्हणाली. मी कँटीनमध्ये जाऊन बसलो… पोऱ्यांनी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या, तोवर बसलो."

अध्यक्षांना एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं. "आली नाही?"

"नाही साहेब."

"कोण होती ती?"

"हरकत आहे!" ती किंचाळली.

"अहो, प्रश्न तुमचा, उत्तर त्यांचं. हरकत कसली?"

तिच्या हातातला कागद उलटा होता. गुरुवार, जिना, फोन, मध्ये उभा असलेला तो… सगळं आत्ता डोक्यापर्यंत येऊन पोचलं. हा बावळट माणूस तास न् तास तिथे बसून राहिला? आणि मग ते सांगायला याला भर सुनावणीच मिळाली?

"त्यामुळे साहेब," डॉक्टर पुढे सांगत होता, "'बरं' म्हणजे संमती, असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. अहवालातलं ते वाक्य मी मागे घेतो. बाईंना अजून उपचारांची गरज आहे, हे मत मात्र कायम आहे."

केस तिच्या बाजूने झुकत होती. गप्प बसली असती तर कोणाला काही कळलंही नसतं. पण साक्षीदार वकिलावर जीव जडवून बसलाय, आणि वकील… वकिलाचं जाऊ दे, पण हे लपवून ती बाईंच्या बाजूने कशी उभी राहणार? सांगावं तर केस पुढे ढकलली जाईल, दुसरा वकील येईल, आणि तोवर बाई मागच्या वॉर्डात. पण हा निर्णय तिचा नव्हताच मुळी. ती वळली आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, ती व्यक्ती मी होते. मला दुसऱ्या बाजूच्या साक्षीदाराने चहाला बोलावलं होतं. मी गेले नाही, विसरले. पण तुम्हाला माझा भरवसा वाटत नसेल तर दुसरा वकील मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात वेळ जाईल. तुम्हाला दुसरा वकील हवाय का?"

बाईंनी तिला नीट पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नको," त्या म्हणाल्या. "हीच चालेल. विसरभोळी आहे, पण चालेल."

भाच्याने मान वर केली.

"बाई," अध्यक्ष पुढे झुकले, "तुम्हाला 'नको' म्हणता येतं?"

"न यायला काय झालं? विचारलं तर येतं."

"मग इतके दिवस सगळ्याला 'बरं' का म्हणत होतात?"

"कोणी विचारलंच नाही!" बाईंचा आवाज वर्गात घुमावा तसा घुमला. "हे डॉक्टर म्हणाले, तुम्हाला राहायला हवं. ही म्हणाली, मी तुम्हाला सोडवणार. भाचा म्हणाला, मावशी, मी तुला न्यायला येईन. हे प्रश्न आहेत का? ही विधानं आहेत. ऐकल्याची पोच म्हणून मी 'बरं' म्हणते. उभा जन्म पोरांना ओरडून सांगितलं, आधी प्रश्न नीट वाचा. इथे प्रश्नच नाही, तर उत्तर कशाचं देऊ?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरने विचारलं नव्हतं, ठीक. पण तिने तरी कुठे विचारलं होतं? तिने डॉक्टरकडे चोरून पाहिलं. तोही नेमका तिच्याकडे चोरून पाहत होता. दोघांनीही घाईघाईने नजर वळवली.

"बरं, मग विचारतो," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला कुठे राहायचंय?"

"घरी."

"गोळ्या घ्याल?"

"घेईन. तोंड कोरडं पडतं, पण झोप लागते."

"आणि पुन्हा झोप उडाली तर?"

बाई पहिल्यांदाच थोड्या चाचरल्या. "तर… मला भीती वाटते त्याची. मी भाच्याला फोन करीन आणि स्वतः चालत इथे येईन. याच डॉक्टरांकडे. पण दाराला कुलूप नको."

भाच्याने रुमाल काढून नाक शिंकरलं. "मावशी, मी रोज संध्याकाळी येत जाईन. येऊ?" त्याने विचारलं.

"ये," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी डॉक्टरला विचारलं, घरी राहून दर आठवड्याला तपासणीला आल्या तर चालेल का. डॉक्टरने बाईंकडे पाहिलं आणि तो म्हणाला, चालेल. बाई सुटल्या.

बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने त्याला गाठलं. खरं तर आभार मानायचे होते. पण तोंड उघडल्यावर भलतंच बाहेर पडलं.

"भर सुनावणीत? तुम्हाला दुसरं काही उदाहरण मिळालं नाही?"

"शपथेवर होतो. आणि… तेच सारखं डोक्यात होतं."

ती जरा नरमली. "मी खरंच विसरले हो. मुद्दाम नाही केलं."

"म्हणजे यायचं होतं?"

"असं मी म्हटलेलं नाही! पुढच्या मंगळवारी तुम्ही पुन्हा माझ्यासमोर साक्षीला असणार. मी साक्षीदाराबरोबर चहा घेऊ शकत नाही. आणि आता हे सगळं झाल्यावर तर मुळीच नाही."

"मी पुढच्या मंगळवारी नसेन," तो शांतपणे म्हणाला. "लहान मुलांच्या विभागात बदली मागितलीय. काल मंजूर झाली. त्या दिवशी कँटीनमध्ये बसल्या बसल्याच अर्ज लिहिला. वेळ होता हाताशी."

तिच्या छातीत काहीतरी गोड गोड हललं… आणि त्याच्या मागोमाग तिडीक उठली.

"माझ्यासाठी?"

"हो. म्हणजे तुम्हाला काम सोडावं लागू नये म्हणून—"

"मला विचारलंत?"

"काय?"

"माझ्यासाठी बदली घेतलीत, तर मला विचारलंत का? परस्पर ठरवलंत, अर्ज केलात, मंजूर करून आणलात, आणि मी काय म्हणायचं? बरं? आत्ता आत त्या बाई काय घसा फोडून सांगत होत्या? काही म्हणून शिकला नाहीत तुम्ही!"

"चुकलं. रद्द करतो."

"खबरदार! परत न विचारता!"

"अहो, मग मी करू तरी काय!" तो ओरडला. खरोखर ओरडला. पॅसेजभर आवाज गेला. जिन्यातून सिस्टर धावत आली, दोघांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डॉक्टर… जरा बसा."

तो भिंतीलगतच्या बाकावर मटकन बसला. तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या मंगळवारांत या माणसाचा तो मऊ आवाज एकदाही फाटला नव्हता, आणि तो फाटला तो तिच्यामुळे. ती त्याच्या शेजारी बसली. मध्ये फाईल ठेवून, फक्त तेवढंच अंतर राखून.

"विचारा आता," ती म्हणाली. "नीट. एक एक करून."

त्याने श्वास घेतला. "लहान मुलांकडे जाऊ?"

"तुम्हाला आवडेल तिथे?"

"हो. आधीपासून मनात होतं. धीर होत नव्हता."

"मग जा."

"तुम्ही रागावलायत?"

"प्रचंड."

"अजून विचारू?"

"विचारताय काय, विचारा!"

"तुम्हाला काय हवंय?" तो म्हणाला. "तुमच्या अशिलाला नाही, तुमच्या आईला नाही. तुम्हाला."

वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांना काय हवंय ते मांडत आली होती. ते तोंडपाठ होतं, आवाज चढवायचा कुठे आणि थांबायचं कुठे तेसुद्धा. स्वतःचं मांडायची वेळ मात्र आजवर कधी आलीच नव्हती. पॅसेजच्या टोकाला भाचा बाईंची पिशवी घेऊन उभा होता, आणि बाई त्याला सांगत होत्या की पिशवी दे, मला उचलता येते. तिने फाईल उचलून बाकाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. "त्या पहिल्या दिवसापासून, आणि मला ते अजिबात पसंत नाही. तुमचा आवाज, ती छत्री, ते खरं बोलणं… माझा जीव नकोसा करून टाकलाय तुम्ही. मला तुम्ही हवे आहात. रोज हवे आहात. फक्त मंगळवार सोडून."

"मंगळवारी का नाही?"

"मंगळवारी मला लोकांना सोडवायचं असतं!"

तो हसायला लागला. आधी हळू, मग खांदे हलवून, आणि मग ती पण. आपला हात त्याच्या हातात केव्हा गेला, हे तिला आठवत नाही. मात्र तो विचारून गेला नव्हता, आणि दोघांपैकी कोणीही त्याला हरकत घेतली नाही.